वाकडे असल्यास लांबी कोठून कोठपर्यंत धरावी?

परसदार (जुळे सोलापूर)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या महिला मंडळाने यंदा परसबाग स्पर्धा जाहीर केली असून तिच्या पत्रकात 'सर्वांत लांब पडवळास सोलापुरी चादर' एवढे एकच वाक्य छापले आहे. लांबी कशी मोजायची, कोणी मोजायची आणि कोणत्या वेळी मोजायची, याविषयी पत्रकात चकार शब्द नाही, आणि त्यामुळे आमच्या इमारतीतील दोन सुसंस्कृत घरांमध्ये बोलणे बंद होण्याची वेळ आली आहे.

माझे पडवळ वाकडे आहे. ही गोष्ट मी लपवून ठेवलेली नाही. गच्चीवर येणाऱ्या प्रत्येकाने ती पाहिलेली आहे. कोवळे असतानाच ते कठड्याला टेकले आणि तेव्हापासून त्याला जो डावीकडे बाक आला तो कायमचाच. देठापासून टोकापर्यंत सरळ पट्टी धरली तर ते ८१ सेंटीमीटर भरते, आतल्या बाजूने फीत फिरवली तर ८६, आणि बाहेरच्या बाजूने फिरवली तर ९४. जाडी मध्यावर ५ सेंटीमीटर असून ती वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखी राहिली आहे, याचा मला विशेष अभिमान वाटतो. आमच्या वरच्या मजल्यावरील गृहस्थांचे मात्र अगदी सरळ आहे, आणि ते कोणीही, कसेही मोजले तरी ८८ च भरते. म्हणजे निकाल माझ्या हातात नाही, तो फितीच्या हातात आहे.

जाणकारांनी कृपया एवढे सांगावे, की फीत कोणत्या बाजूने धरणे न्याय्य ठरेल, देठ मोजमापात घ्यावा की वगळावा, आणि मोजणी सकाळी करावी की संध्याकाळी. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु आपल्याकडचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. पहाटे जे ताठ असते ते दुपारी दोनला ओळखू येत नाही. आमच्या सौ.ने या विषयात आजवर कधी फारसा रस दाखवला नव्हता, पण चादरीचे नाव निघाल्यापासून तीही रोज सकाळी गच्चीवर येऊन चौकशी करते.

मापाडी

माझी हयात वजने-मापे तपासण्यात गेली, त्यामुळे आधी मापाविषयी आणि मग पडवळाविषयी बोलतो.

परसदार यांनी कोणती फीत वापरली हे लिहिलेले नाही. शिंप्याची जुनी कापडी फीत असेल, तर ती वर्षानुवर्षे ओढून ताणलेली असते. ताणलेल्या फितीवरचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरहून मोठा होतो आणि तिने मोजलेली वस्तू प्रत्यक्षाहून लहान भरते. तेव्हा परसदार, तुमचे कदाचित तुम्हाला वाटते त्याहून मोठे असेल. उलट, वरच्या मजल्यावरील गृहस्थ सुताराचा पोलादी टेप वापरत असतील, तर त्याच्या टोकाची आकडी जराशी ढिली असते. पुष्कळ लोक ती बिघडली आहे असे समजून ठोकून घट्ट करतात, आणि तेथेच फसतात. ती मुद्दामच ढिली ठेवलेली असते: टेप बाहेरून अडकवून ओढला की आकडी स्वतःच्या जाडीइतकी पुढे सरकते, आणि आत टेकवून दाबला की तेवढीच मागे जाते, म्हणून दोन्ही प्रकारे माप बरोबर येते. टोक ढिले दिसले म्हणजे दोष आहे असे समजण्याची घाई कोणीही करू नये.

काही ज्येष्ठ मंडळी अशा प्रसंगी 'आम्ही वितीने मोजू' असे सुचवतात. बारा अंगुळांची एक वीत आणि दोन वितींचा एक हात, हा हिशेब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालला, परंतु १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि तो झाला हे उत्तम झाले. वितीची मेख अशी आहे, की जो मोजतो त्याचीच वीत लागते. ज्याची वीत आखूड, त्याला आपले पडवळ लांब वाटते. अशा आत्मसंतुष्ट मापाला सरकार शिक्का मारीत नाही.

आता बाकाविषयी. येथे भूमिती परसदार यांच्या बाजूने आहे, पण पूर्णपणे नाही. बाहेरच्या आणि आतल्या बाजूंच्या लांबीतील फरक हा एकूण लांबीवर मुळीच अवलंबून नसतो. जाडीला वळणाच्या कोनाने गुणले की तो मिळतो, मात्र तो कोन अंशांत न धरता रेडियनमध्ये धरावा लागतो. तुमचा बाक साधारण काटकोनाचा असावा, म्हणजे १.५७, त्याला ५ ने गुणले तर पावणेआठच्या पुढे येतात, आणि ९४ मधून ८६ वजा केले तर ८. आकडे जुळतात, तेव्हा तुम्ही खरे बोलत आहात. परंतु याचाच अर्थ असा, की वस्तू जितकी जाड आणि जितकी वाकडी, तितका बाहेरून मोजण्यात मालकाचा फायदा, आणि हा फायदा लांबीचा नसून जाडीचा आहे. स्पर्धा लांबीची असेल तर जाडीचे गुण तिच्यात शिरता कामा नयेत. मधल्या रेषेवरून मोजावे. ती रेषा फळाच्या पोटात असल्यामुळे तेथे फीत घालता येत नाही, म्हणून आतल्या आणि बाहेरच्या मापांची सरासरी घ्यावी. ती ९० येते. सरळ पट्टीचे ८१ हे माप मात्र सरळसरळ अन्याय आहे, कारण ते दोन टोकांमधील अंतर सांगते, पडवळाची लांबी सांगत नाही.

वरचा मजला

या चर्चेत ज्यांचा उल्लेख 'वरच्या मजल्यावरील गृहस्थ' असा झाला आहे तो मीच. माझे सरळ आहे म्हणून मला शिक्षा का, एवढेच मला विचारावयाचे आहे. सरळपणा आपोआप येत नाही. फळ बोटभर असल्यापासून मी त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड टांगला, तो रोज तपासला, आणि ओझ्याने देठ तुटणार नाही इतपत वजन बेताबेताने वाढवले. शेतकरी हेच करतात, कारण दगड न बांधलेले पडवळ गुंडाळी घेते आणि बाजारात त्याला कोणी हात लावीत नाही. खालच्या मजल्यावर यातील काहीच केले गेले नाही. जे झाले ते वाऱ्यावर सोडून झाले, आणि आता त्या वाकडेपणाचे दोन सेंटीमीटर जास्त मागितले जात आहेत.

केळीवाले (कंदर, ता. करमाळा)

आमच्या भागातील केळी परदेशी जातात, आणि परदेशी माणूस लांबीच्या बाबतीत किती काटेकोर असतो हे आम्हाला पॅकहाऊसमध्ये रोज अनुभवास येते, म्हणून चार शब्द लिहितो.

युरोपीय संघाने १९९४ साली केळ्यांचा जो नियम केला त्यात हा प्रश्न निकालात काढलेला आहे. किमान लांबी १४ सेंटीमीटर आणि किमान जाडी २७ मिलिमीटर, यापेक्षा कमी असलेले त्यांना नको. लांबी मोजायची ती बाहेरच्या फुगीर बाजूने, फुलाकडच्या टोकापासून देठ जेथे सुरू होतो तेथपर्यंत. देठ धरायचा नाही, कारण तो खाण्याच्या कामाचा नसतो. जाडी मध्यावर, लांबीला काटकोनात, कॅलिपरने. प्रत्येक केळे मोजत बसायचे नाही. फणीतील बाहेरच्या रांगेतले मधले केळे मोजायचे आणि त्यावरून सगळ्या फणीची पात्रता ठरवायची. आमच्याकडे नवीन आलेली मुले पहिल्या दिवशी हे काम करताना आपसांत फार हसतात, दुसऱ्या दिवशी थोडे कमी हसतात, आणि आठवड्याने नुसत्या नजरेने सांगू लागतात की हे भरेल आणि हे भरणार नाही.

मापाडी साहेबांचे भूमितीचे म्हणणे मान्य आहे, परंतु केळी सगळीच कमीअधिक सारखी वाकडी असतात, त्यामुळे बाहेरून मोजले तरी कोणावर अन्याय होत नाही. पडवळांत एक वाकडे आणि एक सरळ असा सामना असल्यामुळे तुमची सरासरी बरी. देठाबाबत मात्र युरोपचाच नियम लावा. देठासकट मोजायची सवय लागली की माणूस पुढच्या वर्षी देठच वाढवू लागतो.

परसदार यांनी युरोपात नशीब काढण्याचा विचार करू नये, हेही जाता जाता सांगतो. १९८८ साली त्यांनी काकडीचाही नियम केला होता, आणि त्यात वरच्या दर्जाच्या काकडीला दर १० सेंटीमीटर लांबीमागे १० मिलिमीटरपेक्षा अधिक बाक चालत नसे. जगभर थट्टा झाल्यावर जुलै २००९ पासून तो रद्द झाला, पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तुमचा बाक मध्यावर १७ सेंटीमीटरच्या घरात जातो. त्या हिशेबाने ९ च्या आत असायला हवा होता. काकडी असती तर सीमेवरूनच परत आली असती.

मागवाले काका (पूर्व भाग)

बक्षीस चादरीचे आहे, म्हणून आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. पडवळालाही ती लागू पडेल.

मागावर असताना ताणा खेचलेला असतो, आणि त्या ताणामुळे माल असतो त्यापेक्षा लांब दिसतो. ज्याला घाई असते तो मागावरच पट्टी लावतो आणि खूश होतो. अनुभवी माणूस माल खाली उतरवतो, सपाट जागेवर पसरतो, काही काळ नुसता पडू देतो आणि मग मोजतो. पडू दिल्यावर तो थोडा आखडतो, आणि पहिल्यांदा पाण्यात गेला की आणखी आखडतो, कारण खेचून ठेवलेले सूत ओले होऊन आपल्या मूळ लांबीवर परत येते. यात सुताचा दोष नाही आणि मागवाल्याचाही नाही; गार पाण्याने आखडणे हा सुताचा धर्मच आहे. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या दिवशी चादर घेऊन दुकानात येते आणि म्हणते, की दाखवताना एवढी होती आणि घरी नेल्यावर एवढीच कशी.

तेव्हा वरच्या मजल्यावरील गृहस्थांना माझा प्रश्न असा, की तुमचे ८८ हे दगड टांगलेला असताना मोजलेले आहे की दगड काढल्यावर? ओझे लोंबत असताना घेतलेले माप आम्ही तरी धरीत नाही. दगड सोडावा, सुतळी काढावी, रात्रभर मोकळे राहू द्यावे, आणि मग जे असेल ते जगाला दाखवावे.

वरचा मजला

दगड काढल्यावर ८७.५ भरले. परंतु काल ते आणखी वाढलेले दिसले, आणि ते अजून वाढत्या वयात आहे, याची नोंद घ्यावी.

व्यवस्थापक

या धाग्याविरुद्ध माझ्याकडे तीन तक्रारी आल्या आहेत. मी सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. आक्षेप घेता येईल असा एकही शब्द मला सापडला नाही, आणि तरीही घरात मुले नसताना वाचावेत असेच ते सर्व प्रतिसाद आहेत. चर्चा भाजीपुरती मर्यादित ठेवावी, ही विनंती. ती तशीच आहे हे मला दिसते आहे, म्हणूनच कारवाई करता येत नाही.

सुगरण (साखर पेठ)

एवढा वेळ पाच पुरुष लांबीवर बोलत आहेत आणि ज्यांना ते शेवटी हाताळावे लागते त्यांचे मत कोणी विचारलेले नाही, म्हणून न विचारता देते.

मी लक्ष्मी मंडईत पडवळ घेते तेव्हा लांबी पाहत नाही. हातात घेऊन हलकेच दाबते. फार कडक लागले तर ते निबर असते आणि दाबल्यावर खड्डा राहिला तर ते कालचे असते. कडक असावे पण कोवळेपणाने, एवढे ज्याला कळते त्याला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. फार लांब असेल तर भाजीवाली ते मोडून दोन तुकडे करून पिशवीत घालते, आणि मोडताना कट्‌ असा आवाज झाला तरच मी पैसे काढते. त्या क्षणी तुमच्या ९० चे आणि ८८ चे काय होते, ते दोघा गृहस्थांनी मनात आणून पाहावे.

तमिळनाडूच्या कोइमतूर येथील कृषी विद्यापीठाचा को-१ हा वाण दीड मीटरच्याही पुढे जातो, आणि त्याच विद्यापीठाचा को-२ जेमतेम फूटभर होतो. पहिला प्रदर्शनात बघण्यासारखा असतो. दुसरा कढईत मावतो. पडवळ वेलीवर जितके जास्त दिवस ठेवावे तितके ते लांबते हे खरे, पण त्याबरोबर साल चिवट होते आणि बिया टणक होतात. मग ते बियाण्यासाठी ठेवण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचे राहत नाही. चकत्या कराव्यात, आतला बियांचा भाग बोटाने काढावा, थोडे मीठ चोळून ठेवावे, सुटलेले पाणी पिळून टाकावे आणि भिजवलेली चणाडाळ घालून परतावे. वरून शेंगदाण्याचे कूट घालावे. ही भाजी खाताना आजवर कोणीही मला विचारलेले नाही, की मूळ किती लांब होते.

वेळेचा प्रश्न मात्र परसदार यांनी योग्य विचारला आणि तो सर्वांनी बाजूला टाकला. मोजणी पहाटेच करावी. रात्री वेल पाणी ओढून घेते आणि उन्हात पानांवाटे ते निघून जाते, त्यामुळे दुपारी फळसुद्धा किंचित आकसते. हा नियम दोघांनाही सारखाच लागू करावा. एकाचे सकाळी आणि दुसऱ्याचे दुपारी पाहून तुलना करणे हा अन्याय आहे, आणि तो बागेपुरता मर्यादित नाही.

मापाडी

सुगरणबाईंनी वेळेचा मुद्दा मांडला ते बरे झाले. त्याला एवढेच जोडतो, की फीत फायबरची घ्यावी, ती शून्यापासून न धरता १० च्या खुणेपासून धरावी आणि शेवटी १० वजा करावेत, कारण फितीचे पहिले टोकच सर्वांत आधी झिजते. फीत पृष्ठभागाला टेकलेली असावी, पण आवळलेली नसावी. मोजणारा आणि आकडा लिहिणारा वेगवेगळे असावेत. आणि एकाच वस्तूचे तीनदा माप घेऊन मधले धरावे. पहिल्या वेळी हात थरथरतो आणि तिसऱ्या वेळी कंटाळा आलेला असतो.

परसदार (जुळे सोलापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मधल्या रेषेचे ९० मला मान्य आहेत. दगड न बांधल्याबद्दल वरच्या मजल्याने जो टोमणा मारला आहे त्याबद्दल इतकेच, की माझ्याकडे जे आहे ते नैसर्गिक आहे आणि मी त्याला कधीही ओढलेले नाही. मापाडी साहेबांचे व सुगरणबाईंचे प्रतिसाद छापून मी मंडळाच्या सूचनाफलकावर लावले होते. तासाभरात ते कोणीतरी काढून नेले, बहुधा घरी सावकाश वाचण्यासाठी.

अध्यक्षा, महिला मंडळ

छापील प्रतिसाद मीच काढून नेले, आणि ते मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचले गेले. बैठक नेहमीपेक्षा बराच वेळ चालली. ठरलेले नियम पुढीलप्रमाणे आहेत, आणि यावर आणखी चर्चा होणार नाही.

मोजणी रविवारी सकाळी साडेसहा वाजता, ऊन चढण्यापूर्वी होईल. दोन्ही पडवळे वेलीवरच असावीत. आदल्या रात्रीपासून त्यांना दगड, सुतळी अथवा मालकाचा हात लागलेला चालणार नाही. माप बाहेरून एकदा आणि आतून एकदा घेऊन त्यांची सरासरी धरली जाईल, देठ वगळला जाईल, आणि फीत मी स्वतः धरीन. दोन्ही गृहस्थांनी त्या वेळी जिन्यात थांबावे. समोर उभे राहून 'जरा वर धरा', 'जरा सैल सोडा' अशा सूचना मागील वर्षी दुधी भोपळ्याच्या वेळी फार झाल्या होत्या. मोजून झाल्यावर दोन्ही पडवळे मंडळाच्या ताब्यात घेतली जातील आणि सुगरणबाईंच्या पद्धतीने भाजी करून सर्वांना वाढली जातील.

वरच्या मजल्याचे पडवळ अजून वाढते आहे असे मी आज सकाळी स्वतः जाऊन पाहिले, त्यामुळे रविवारपर्यंत दोघांत अर्ध्या सेंटीमीटरहून कमी फरक राहण्याची शक्यता दिसते. तसे झाल्यास बरोबरी धरली जाईल. चादर एकच आहे, साठ बाय नव्वद इंची, एकेरी. ती कापून दिली जाणार नाही. त्या स्थितीत दोन्ही गृहस्थांनी मिळून एकाच चादरीत कसे निभावायचे, ते त्यांनी आपसांत ठरवावे.